मेश्राम सरांना झालेलं इंग्रजी

रविवारी संध्याकाळी विश्वनाथ मेश्राम सरांनी साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मँचेस्टरला फोन जोडला. पलीकडे सहा वर्षांचा नातू दिसला.

"गुड. आफ्टरनून. अनिश. हाऊ. आर. यू?" सर म्हणाले.

नातवाने 'गुड' ऐकलं, 'आफ्टरनून'ची वाट पाहिली, 'हाऊ'पर्यंत कसाबसा तग धरला आणि 'आर' यायच्या आत उठून खेळायला गेला. 'यू' मँचेस्टरला पोहोचला तेव्हा तिथे फक्त छत होतं. कित्येक रविवार सर हे छतच पाहत होते. त्यावरचा ओलीचा डाग कुठून कुठे सरकतोय, हे घरमालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक झालं होतं.

"बाबा, तो वाईट नाही हो," भैरवी, त्यांची लेक, छताच्या जागी येऊन म्हणाली. "त्याला तुमचं इंग्लिश समजत नाही. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतो तो."

आता हे कुणी कुणाला सांगावं! नागपूरजवळच्या खाप्याच्या शाळेत अख्खी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवलेला हा माणूस. सरांचा एकच नियम होता : शब्द म्हणजे माणूस, त्याला मान देऊन उभं करायचं, दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचं नाही. त्यांच्या 'गुड' आणि 'मॉर्निंग'च्या मधून एसटी निघून जाईल एवढी जागा असे. खाप्यात अजून सांगतात की सरांनी 'सिट' म्हटल्यावर एक पोरगा घरी जाऊन, भाकर खाऊन, 'डाउन'च्या आत परत येऊन बसला होता. मी काही ते पाहिलेलं नाही. पण तो पोरगा पुढे तलाठी झाला, म्हणजे गोष्ट खरी असावी.

मागच्या वर्षापर्यंत सरांचं काही अडलं नव्हतं, कारण फोनवर त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई बोलत. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. त्या कॅमेऱ्यासमोर वांगं धरत आणि विचारत, "हे काय होय सांग बरं, बाप्पू?" पोरगा खिदळत काहीतरी सांगे, त्या खिदळत काहीतरी उत्तर देत, आणि दोघांचा अर्धा तास असा जाई की दोघांनाही काही समजलेलं नसे आणि काही उरलेलंही नसे. सर बाजूला बसून "धिस. इज. अ. ब्रिंजल." एवढी दुरुस्ती करत. मग जानेवारीत प्रेमलताबाई गेल्या. अनिशचा पासपोर्ट नेमका नूतनीकरणाला गेलेला; भैरवी एकटीच आली, घाईघाईने आली आणि घाईघाईने गेली. तेव्हापासून फोन सरांच्या हाती आला, आणि छत दिसू लागलं.

त्या रविवारी फोन ठेवताना भैरवी हळूच म्हणाली, "बाबा, आपण पंधरा दिवसांतून एकदा बोलू या का? अनिशला जबरदस्ती बसवावं लागतं हो."

सरांनी "ऑल. राइट." म्हटलं. त्यातलं 'राइट' बाहेर पडायला नेहमीपेक्षाही जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या इंदोरा वस्तीतून कुणाला न सांगता ते बर्डीच्या बाजारपेठेत गेले. चष्म्याच्या दुकानावर एक इंग्रजी बोलण्याचा क्लास होता. शिकवणारी नंदिनी नावाची मुलगी; पुण्याच्या कॉल सेंटरमध्ये इंग्रजांच्या शिव्या खाऊन तिने इंग्रजी कमावलं होतं. सरांनी पहिलंच वाक्य बोलल्यावर ती म्हणाली, "सर, तुमचा एकही शब्द चूक नाही. फक्त ते सगळे एकमेकांशी भांडून बसले आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलताना इंग्रज शब्द सुटे नाही बोलत, जोडून बोलतो. 'अ कप ऑफ टी' नाही, 'अकपाटी'. मधला 'ऑफ' अर्धा खाऊन टाकतो. आपण नाही का करत? 'कुठे चालला आहेस' म्हणते का कोणी नागपुरात? 'कुटी चाल्ला बे' म्हणतो. एका दमात!"

"म्हणजे अख्ख्या खाप्याले मी..."

"ते जाऊ द्या सर. जबडा सैल सोडा."

ती शब्दांच्या जागी मुलांनाच ओळीत उभं करायची आणि हात धरायला लावायची. सर वयाने मोठे, म्हणून त्यांना मान देऊन मध्ये उभं केलं. पण मधला शब्द निघाला 'अँड'. "'अँड'ने अंग चोरायचं सर," नंदिनी ओरडली, "'ब्रेड' आणि 'बटर'च्या मध्ये चेंगरून घ्या, फक्त 'न' उरला पाहिजे!" दोन बाजूंनी दोन तरण्या पोरांनी सरांना असं दाबलं की खरोखरच त्यांच्या तोंडून 'न' एवढंच निघालं. क्लासने टाळ्या वाजवल्या.

आठवडाभर मराठी पूर्ण बंद, असा तिचा गृहपाठ. जबडा सैल, ओठ सैल, हाताने हवेत लाट काढायची, आणि मुख्य म्हणजे एकदा वाक्य सुरू केलं की संपेपर्यंत कुठेही थांबायचं नाही. सर गृहपाठ न करणाऱ्यांचे वैरी. त्यांनी घरी येऊन दार लावलं, प्रेमलताबाईंच्या फोटोसमोर खुर्ची ओढली आणि सुरू झाले.

इथून घोटाळा सुरू होतो.

गुरुवारी समोरच्या शोभाताई वाटीभर भाजी घेऊन आल्या. प्रेमलताबाई गेल्यापासून त्या अशा येत. खिडकीतून बघतात तो काय, मेश्राम सर बायकोच्या फोटोसमोर बसलेले, तोंड लोंबलेलं, एक हात हवेत वरखाली होतोय, आणि तोंडातून शब्दांचा काला : "हावाबौटाकपाटी? हावाबौटाकपाटी?"

"भाऊजी! काय होऊन राहिलं तुम्हाले?"

सर दचकले. पण नियम म्हणजे नियम. सैल जबड्याने ते म्हणाले, "नथिंगॅटॉल शोभाताई, आयमॅब्सलूट्लीऑलराइट!"

वाटी खाली पडली. शोभाताईंच्या थोरल्या भावाचं काटोलला असंच झालं होतं. बोलता बोलता शब्द एकमेकांत कालवले गेले आणि मग लकवा. त्यांनी अशी हाक मारली की शेजारचे नत्थूजी बनियनवर धावत आले. नत्थूजी एसटीतले रिटायर कंडक्टर, सरांचे रोजचे फिरण्याचे सोबती. आयुष्यभर त्यांनी मेश्राम सरांचं इंग्रजी ऐकलेलं : एकेक शब्द तिकिटासारखा वेगळा फाडून दिलेला.

"सर, मले ओळखता का गा? माझं नाव सांगा!"

"ऑफकोर्सायनोयू!" सर चिडून म्हणाले.

"गेलं," नत्थूजी मटकन बसले. "नाव नाही आलं. आणि इंग्लिश पाहा, वरण-भात होऊन गेलं!"

तोवर फाटकापाशी अर्धी वस्ती जमली. त्यात सरांचे दोन जुने विद्यार्थीही होते. सरांना मराठीत एका वाक्यात सारं सांगता आलं असतं. पण फाटकावर पाटी होती 'वि. का. मेश्राम, इंग्रजी शिक्षक', आणि तिच्या साक्षीने, बर्डीच्या पोरीकडे इंग्रजी शिकायला जातो, हे त्यांच्या तोंडून निघेना. दवाखान्यात डॉक्टरच्या कानात सांगू, असा विचार करून ते गुपचूप ऑटोत बसले.

दवाखान्यात सिस्टरने आधी त्यांची कवळी काढून घेतली. मग डॉक्टर पाठराबे आले. सरांनी कानाशी बोलावून शुद्ध मराठीत कबुली दिली. पण दातांवाचून ती "दाक्तल, मी क्लाफला दातो" अशी निघाली.

"काय म्हणतात?"

"क्लासले जायचं म्हणून राहिले," नत्थूजींनी डोळे पुसले. "रिटायर होऊन जमाना झाला हो त्यायले!"

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणजे काळाचंही भान नाही. सर रागाने आणखी बोलू लागले, तर बी.पी. वाढलं, बी.पी. वाढलं म्हणून सुई दिली. सुईने जीभ जड झाली. माणूस आजारी नसेल तरी दवाखान्यात नेटाने बरा होत राहिला, तर आजारी पडायला वेळ लागत नाही.

सकाळी स्कॅन साफ आला. कवळी परत मिळाली. सरांनी ती बसवली, जीभ फिरवून पाहिली. सगळं जागेवर होतं. आता डॉक्टर आले की मराठीत सांगून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं. डॉक्टर दारात आले, सरांनी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी खिडकीपाशी नत्थूजी फोनवर ओरडून बोलत होते. इंग्लंड लांब आहे म्हणून ते नेहमी ओरडूनच बोलत.

"भैरवी बेटा, घाबरू नको! बाप तुझा अजून आहे!"

फोन स्पीकरवर होता. 'अजून' या शब्दाने पलीकडे काय झालं ते सगळ्या खोलीने ऐकलं. रडत रडत भैरवी म्हणाली, "काका, आजचं विमान मिळतं का बघते. अनिशलाही घेऊन येते. आईच्या वेळी राहून गेलं ते..."

"मेश्राम सर," डॉक्टर वाकून म्हणाले, "आज कसं वाटतं? बोला."

उघडलेलं तोंड सरांनी क्षणभर तसंच ठेवलं. मग जबडा सैल सोडला.

"मचबेटर्दॅन्येस्टर्डे," ते म्हणाले.

डॉक्टरांनी शोभाताईंकडे पाहिलं. शोभाताईंनी पदर डोळ्यांना लावला.

सर क्लासला दिसले नाहीत म्हणून चौकशी करत दुपारी नंदिनी आली. दारातूनच ओरडली, "सर, तुम्हाले लकवा? अहो, हा तर गृहपाठ!"

"हळू बोल वं पोरी," सर स्वच्छ मराठीत पुटपुटले. "माझा नातू विमानात बसला आहे."

"पण हे खोटं झालं ना, सर!"

"एक अक्षर खोटं नाही बोललो. फक्त जोडून बोललो."

नंदिनीने खुर्ची पलंगाजवळ ओढली. मग पर्स खाली ठेवत म्हणाली, "मग नीट तरी जोडा. 'ऑफ'मध्ये फ नाही, व म्हणा. पोरगं तिथलं आहे, त्याले लगेच कळते." आणि तिने पलंगाशेजारीच तास घेतला. वाचा परत आणायला खास बाई ठेवली आहे, असं समजून सिस्टरने तिला चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भैरवी आली. दारातून बापाला पाहून तिचा धीर सुटला. ती पायाशी बसून रडू लागली. तिच्यामागे, बॅगेचा पट्टा धरून, अनिश उभा होता. आजवर हा मुलगा सरांनी तळहाताएवढाच पाहिलेला. आता तो पूर्ण होता. पायांत मोजे होते, गुडघ्याला खरचटलेलं होतं.

जुन्या सवयीने सरांच्या ओठांवर सुटा 'गुड' आला. पण नंदिनीने सांगितलं होतं, श्वास घ्या आणि सोडून द्या.

"हाउवॉज्यॉफ्लाइट, बडी?"

"काय झालं हो हे बाबा!" भैरवीने हंबरडा फोडला. जन्मभर शब्दाशब्दाने बोलणारा बाप असा बोलताना तिने ऐकला नव्हता.

पण अनिशने पट्टा सोडला आणि पलंगावर चढून बसला. विमानात जेवण वाईट होतं, शेजारचा माणूस घोरत होता, खिडकीतून ढग वरून पाहिले, ते वरून तसेच दिसतात, असं तो सांगू लागला. सर विचारत होते, तो उत्तर देत होता. डॉक्टर राउंडला आले होते, ते दारात थांबले. शोभाताई आणि नत्थूजी त्यांच्या खांद्यांवरून पाहू लागले. अनिशला वाटलं, यांना ऐकू येत नसावं. तो मोठ्या दयाळूपणाने वळून, सावकाश, आबा काय म्हणाले ते त्यांना पुन्हा सांगू लागला. इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर नागपुरात त्या दिवशी पहिल्यांदाच झालं असावं.

"पोराले समजून राहिलं," नत्थूजी थक्क झाले. "लेकराले देवाघरचं बी समजते म्हणतात."

"इंट्रेस्टिंग," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

भैरवी मात्र रडायची थांबली होती. तिने बापाकडे पाहिलं, नीट पाहिलं. बाकीचे पांगल्यावर दार लावून म्हणाली, "बाबा, तुम्हाला काहीही झालेलं नाही."

सर चादरीची घडी पाहत राहिले.

"विमानात मी किती रडले, माहीत आहे? आई गेली तेव्हा जशी आले होते, तशीच बसले होते मी त्या सीटवर. असं कोणी करतं का?"

"तुझी आई होती, तोवर मले काही बोलावं लागलं नाही," सर म्हणाले. "मग शिकायला गेलो. वेळ लागला."

भैरवी पलंगाच्या कडेला बसली. तिला रागही पुरा करता येईना. शेवटी म्हणाली, "ऑफिसने तुम्ही ॲडमिट असेपर्यंतच सुट्टी दिली आहे. उद्या राउंडला तुम्ही स्वतः डॉक्टरांना सांगायचं. मग आम्ही निघू. उन्हाळ्यात येऊ पुन्हा, नक्की." उन्हाळ्यात येऊ, हे ती आईलाही म्हणत असे, ते दोघांनाही आठवलं आणि दोघेही खिडकीबाहेर पाहू लागले.

अनिश संत्रं सोलत होता. निम्मं साल, निम्मा रस चादरीवर. त्याने मध्येच विचारलं, ती वांगंवाली आजी कुठे आहे? मम्मी म्हणते वारली. तिला दुखलं का?

भैरवी चपापली. सर मात्र उत्तर देऊ लागले. जुने मेश्राम सर असते, तर पहिल्या शब्दानंतरच अडकले असते. त्यांच्या दोन शब्दांमधल्या त्या मोकळ्या जागेत हुंदका सहज येऊन बसला असता. पण वाक्य सुरू केलं की संपेपर्यंत थांबायचं नाही. तिला फार दुखलं नाही, ती सकाळी झोपेतून उठलीच नाही, आदल्या संध्याकाळी तुझ्यासाठी बाजारातून एक मोठं वांगं निवडून आणलं होतं, रविवारी दाखवायला, असं सगळं त्यांनी एका दमात, जोडून, कुठेही फट न ठेवता सांगितलं. मध्ये रडायला जागाच नव्हती.

"मग त्या वांग्याचं काय झालं?" अनिशने विचारलं.

सरांनी त्याच्या हातातलं संत्रं घेतलं आणि उरलेलं सोलून दिलं.

आबांचं बोलणं डॉक्टरांना समजलं की आपण घरी जायचं, असं भैरवीने अनिशला रात्रीच सांगून ठेवलं होतं. सकाळी राउंड आला. डॉक्टर पाठराबे, सिस्टर, शोभाताई, नत्थूजी, सगळे पलंगाभोवती. भैरवीने आधीच सुरुवात करून दिली, "डॉक्टर, बाबांना तुम्हाला काही सांगायचं आहे."

"वा! सांगा सर," डॉक्टर म्हणाले. "स्कॅन उत्तम आहे. एक वाक्य स्पष्ट बोललात, एकेक शब्द वेगळा, की मी आत्ता सुट्टी देतो."

सर उठून बसले. शर्टाचं वरचं बटण लावलं. घसा साफ केला. खोलीत एवढी शांतता झाली की शाळेच्या तपासणीची आठवण यावी. त्यांनी भैरवीकडे पाहिलं, मग पायाशी बसलेल्या अनिशकडे. त्याच्या बोटांना कालच्या संत्र्याचा पिवळा रंग अजून होता.

"डोन्गोऽयेट," सर म्हणाले. "स्टेयाबिट्लाँगर."

इतक्यात जाऊ नका, थोडं थांबा. बर्डीच्या क्लासमध्ये ऐकवावं, असं निर्दोष वाक्य होतं ते.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. ते अनिशकडे वळले. काल यानेच तर सगळं समजावलं होतं. "बेटा, व्हॉट इज ही सेइंग?"

अनिशने आबांकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे. मग खांदे उडवून म्हणाला, "नो आयडिया."

"काल तर समजत होतं!"

अनिशने पुन्हा खांदे उडवले आणि चादरीवरचं संत्र्याचं साल उचलायला लागला.

"भैरवीताई? तुम्हाला?"

भैरवीचे ओठ हलले. तिने पर्समधलं परतीचं तिकीट चाचपलं. ते तिथेच होतं. तिने वडिलांकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं नाही, सलाइनच्या रिकाम्या स्टँडकडे पाहिलं.

"मलाही नाही समजलं, डॉक्टर," ती म्हणाली.

"पोटच्या पोरीले बी नाही समजलं!" शोभाताईंना रडू आवरेना. "किती वाईट लकवा असन, बापा!"

"अजून चार दिवस ठेवून पाहू," डॉक्टर म्हणाले. खिशातून छोटी बॅटरी काढून त्यांनी सरांच्या चेहऱ्यावर धरली, आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

"दोन्ही डोळ्यांतून सारखंच पाणी येतंय," ते सिस्टरला म्हणाले. "चांगलं लक्षण आहे."